खुर्चीवरची घंटी

आईनं लॅपटॉपचं झाकण मिटलं ते थेट ठकीच्या बोटांवर.

"आई! बोटं आहेत माझी!"

"असू देत. पाठवलंस का ते आधी सांग."

"नाही अजून."

"मग राहू दे मिटलेलं." आई झाकणावर दोन्ही हातांचा भार देऊन उभी राहिली.

ठकीनं बोटं सोडवून घेतली आणि चोळत बसली. चाळिशी उलटलेली बाई, सिनेमावर असं लिहायची की भल्याभल्या दिग्दर्शकांची झोप उडावी. पण या घराचा उंबरा ओलांडला की ती नुसती ठकी. आतल्या खोलीचं दार बंद होतं. आत बाबा काहीतरी पिळत होते, स्क्रू घट्ट करताना होतो तसला करकर आवाज येत होता.

प्रकरण साधं होतं, म्हणूनच अवघड. सिनेमावरच्या एका मासिकानं गेल्या वीस वर्षांतले दहा दिग्दर्शक निवडायला घेतले होते. समितीत पाच समीक्षक. नऊ नावं आरडाओरडा करून का होईना, ठरली. ज्याच्या पिक्चरमध्ये कुणी रडायला लागलं की कॅमेरा हळूच खोलीबाहेर जातो, तो आला. जिच्या पिक्चरमधली माणसं खरोखर भूक लागल्यासारखी जेवतात, ती आली. एका मारामारीवाल्यासाठी ठकी एकटी तास-दीड तास भांडली होती, कारण त्याच्या पिक्चरमध्ये मार खाणाऱ्याला दुखतं. घोडं अडलं ते दहाव्या नावापाशी. दोघांनी कौल दिला अशा एका बाईला, जिची आजवर दोनच पिक्चरं आली होती. दोघांनी ठकीच्या बाबांना. उरली ठकी.

सकाळीच संपादकांचा फोन येऊन गेला होता. आवाजात नुसता मध.

"तुमची अडचण कळते मला. तुम्ही मत देऊच नका. बरोबरी झाली की निकाल माझ्याकडे येतो, आणि माझा निकाल बाबांच्या बाजूनं आहे. तुम्ही नामानिराळ्या. गप्प बसायचं, बस."

आणि आईची सगळी मदार त्या गप्प बसण्यावर होती. कारण बाबांच्या नव्या पिक्चरला पैसे घालणारा एक निर्माता कसाबसा उभा राहिला होता. घरातही काळा चष्मा न काढणारा म्हणून आईनं त्याचं नाव गॉगल ठेवलं होतं. गॉगल म्हणाला होता, "दहांत या, दुसऱ्या दिवशी कामाला लागू. नाही आलात तर... बघू." निर्मात्याच्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय, हे सिनेमावाल्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं.

"गप्प बसायला काय जातं गं तुझं?" आई म्हणाली. "बोलायला थोडीच सांगतेय कुणी?"

"गप्प बसले तर ते माझंच मत झालं ना, आई."

"झालं तर झालं! बाप आहे तो तुझा. अकरा वर्षं झाली, घरात बसून आहेत. तुझं काय जातंय, तू येतेस पंधरवड्यातून एकदा. मला विचार. डोकं फिरायची वेळ आलीये माझी."

"आता काय केलं?"

"काय करायचं राहिलंय? परवा नळ दुरुस्त करायला माणूस आला, त्याला तीनदा दारातून आत यायला लावलं. 'नीट आला नाहीस, पुन्हा ये.' तो बिचारा पिशवी घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर. खिडक्यांचे पडदे काढून ठेवलेत, म्हणे उजेड अडतो. मी चहा घेऊन आले की 'डावीकडून ये'. अगं, माझ्याच घरात मी कुठून यायचं ते हे सांगणार? आणि तो मोबाईल तीन पायांच्या घोडीवर चढवून दिवसभर बातम्या बघत बसतात. हसतेस काय? सवय जात नाही गं. दिग्दर्शन करायला कुणी उरलं नाही, म्हणून मला करतात."

ठकी हसत होती खरी, पण आईचे डोळे भरलेले दिसले तशी तिनं मान खाली घातली. तिला वाईट वाटत होतं.  एकीकडे हे, आणि दुसरीकडे ती घंटी.

घंटीची गोष्ट अशी. ठकी आठ वर्षांची असताना बाबांनी तिच्या मोडक्या सायकलची घंटी काढली आणि आपल्या संकलनाच्या खोलीतल्या खुर्चीच्या हातावर बसवली. अर्धंकच्चं पिक्चर लागायचं. ठकी पाय हलवत खुर्चीत. एकच नियम होता: "कंटाळा आला की वाजव. का आला ते सांगायचं नाही. मीही विचारणार नाही." ट्रिंग झालं की बाबा तिथं पेन्सिलीनं खूण करायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा गायब. मोठमोठी माणसं मागे उभी राहून गालातल्या गालात हसायची. हसेनात का! अशी चार पिक्चरं झाली, आणि त्या चारांवर बाबांचं नाव झालं.

पाचव्या वेळी ठकी सतरा वर्षांची होती. म्हातारा मरतो तो लांबलचक शॉट, बाबांचा जीव त्यात. ठकीनं घंटी वाजवली. बाबांनी पुन्हा लावला. तिनं पुन्हा वाजवली. तेव्हा बाबा पहिल्यांदा म्हणाले, "तुला काय कळतं?" शॉट राहिला. आठवड्याभरानं ठकीनं पाहिलं, तर खुर्चीच्या हातावर नुसतं भोक.

नंतरची पिक्चरं तयार झाल्यावर बाबांनी तिला थिएटरातच दाखवली. एकापेक्षा एक जड. लोक आदरानं उठून टाळ्या वाजवायचे आणि बाहेर येऊन जांभया द्यायचे. ती पहिली चार वीस वर्षांच्या हिशेबात बसत नव्हती. बसत होती ती ही जांभयांची.

"आई, हात काढ."

"नाही काढणार."

"मग फोनवर सांगते." आणि आईनं "ठके!" म्हणेपर्यंत तिनं फोन लावलासुद्धा. "नमस्कार. हो, ठरलं. माझं मत त्या बाईंना... नाही, मी गप्प बसणार नाही. आणि कारणासकट छापा, माझ्या नावानं... हो, बाबांना मीच सांगेन."

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. आई खुर्चीवर मटकन बसली.

"पोटच्या पोरीनं बापाच्या पोटावर पाय दिला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर झाडून काढलं असतं त्याला."

"मलाही काढ. पण ज्या माणसानं मला खोटं न बोलायला बसवलं, त्याच्याशीच खोटं बोलू? ते नाही जमायचं मला."

करकर थांबली होती. दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. हातात स्क्रूड्रायव्हर, बोटांना तेल. या घराच्या भिंती पातळ, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

"कोण आली म्हणतेस दहावी?"

ठकीनं सांगितलं.

बाबांनी बोटांचं तेल पायजम्याला पुसलं. मग स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "तिचं दुसरं पाहिलं मी. पाहताना अंगठा सारखा घंटी शोधत होता. वाजवायला जागाच देत नाही बया." आणि एकदम चिडून, "पण तो मारामारीवाला कशाला घेतलास?"

"त्याच्या पिक्चरमध्ये दुखतं, बाबा."

"दुखतं कसलं! रंग लावतो नुसता. पुढची यादी कधी करतात हे लोक?"

"दहा वर्षांनी."

"मग वेळ आहे."

"अहो, कसला वेळ?" आई उसळली. "तुमचं पिक्चर गेलं! कळतंय का काही?"

"गॉगलचं गेलं," बाबा म्हणाले. "त्याला घाल चुलीत. माझं चाललंय. या दोघी आत."

खोलीत टेबलावर छोटा पडदा, आणि समोर ती जुनी खुर्ची. हातावर घंटी. चकचकीत पुसलेली, नव्या स्क्रूंनी घट्ट बसवलेली.  ठकी खुर्चीत जाऊन बसली. पाय आता जमिनीला टेकत होते.

बाबांनी पिक्चर सुरू केलं. दार. नळवाला पिशवी घेऊन आत येतो, उघड्या खिडकीतला उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर. मग स्वयंपाकघरातून, डावीकडून, चहाचा कप घेऊन एक बाई येते. थकलेली, ओठांत काहीतरी पुटपुटणारी.

"अगं बाई!" आई किंचाळली. "ही मी आहे! म्हणजे त्या बातम्या... अहो, विचारायचं तरी! गाऊनवर आहे मी!"

"विचारलं असतं तर केस रंगवून आली असतीस."

"आणि लोक बघणार हे?"

"तू म्हणालीस तरच. नको म्हणालीस तर आत्ता पुसतो."

आईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. ती बघत राहिली, आणि बघता बघता ठकीच्या खुर्चीच्या पाठीला टेकली.

पिक्चर चांगलं होतं. ठकीला ते कबूल करायला जड जात होतं इतकं चांगलं. मग पडद्यावर खिडकीत बसलेले बाबा आले. स्वतःच. पाठमोरे, मावळतीचा उजेड, बाहेर बघताहेत. बघताहेत. अजून बघताहेत. बाबांनी श्वास धरला होता, हा शॉट त्यांचा जीव की प्राण आहे हे सांगायची गरज नव्हती. आईनं मागून ठकीचा खांदा दाबला. राहू दे गं, असं तो हात म्हणत होता.

ट्रिंग.

बाबांनी पिक्चर थांबवलं.  त्यांचे कान लाल झालेले मागूनही दिसत होते.

"का?" त्यांनी विचारलं.

"का ते सांगायचं नाही," ठकी म्हणाली. "आणि तुम्ही विचारायचं नाही. ठरलंय आपलं."

बाबा तसेच पडद्याकडे बघत बसले, चांगला वेळ. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, समोरच्या कागदावर खूण केली आणि मागे न वळता म्हणाले, "पुढे लावू?"