मानाचा अर्धा चमचा

विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन फीत कापून नाही, ज्वालामुखी उसळवून करायचं, ही कल्पना दामिनीची. त्यामुळे ती फसली तर बोलणीही तिनेच खायची होती. प्रकाशा गावाजवळच्या एका शाळेत ती तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायची. पुढच्या वर्षी तिला ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापक गिरासे सर ठरवणार होते, आणि सरांनी ते ‘प्रदर्शन होऊ द्या, मग बघू’ म्हणून टांगून ठेवलं होतं.

ज्वालामुखी म्हणजे मातीचा डोंगर आणि त्याच्या पोटात काचेचं भांडं. भांड्यात व्हिनेगर, लाल रंग, थोडं साबणाचं पाणी. वरून खायचा सोडा टाकला की फसफसून लाल फेस उतू जातो. पाहुणे तीन म्हणून तिने शहाद्याहून पाव लिटरची एक बाटली आणली होती. उद्घाटनाच्या सकाळी पाहुणे सात झाले. गावातल्या दुकानात व्हिनेगर मागितलं, तर दुकानदाराने फिनेल पुढे केलं.

“समईच्या वाती वाढवतो तसे चमचे वाढवा,” सर म्हणाले. “सोडा किलोभर पडलाय.”

“सोडा पोतंभर असू दे सर. व्हिनेगर संपलं की फेस संपला.” दामिनीने फळ्यावर मांडून दाखवलं. व्हिनेगरमध्ये आम्ल पाच टक्के, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत साडेबारा ग्रॅम. साठ ग्रॅम आम्लाला चौऱ्याऐंशी ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे साडेबाराला साडेसतरा. त्यातून वायू निघणार नऊ ग्रॅमच्या जरा वर, पुढे कणभरही नाही. चमचा पाच ग्रॅमचा. साडेतीन चमच्यांत खेळ खलास.

“म्हणजे साडेतीनच पाहुणे?” सरांचा चेहरा पडला. “चौथ्याला अर्धाच मान?”

“सगळ्यांनाच अर्धा चमचा देऊ. सात अर्धे, बरोबर साडेसतरा ग्रॅम.”

तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पहिला अर्धा चमचा टाकला. फेस आला, टाळ्या पडल्या. दुसरा संस्थेच्या अध्यक्षांनी टाकला. तिसरे चुनीलालभाई, केळीचे मोठे बागायतदार. त्यांनी चमच्याकडे पाहिलं.

“मॅडम, इतलासा कसाले? पूजाना परसाद शे का हाऊ?” असं म्हणत त्यांनी सोड्याचा डबाच डोंगरात उपडा केला.

फेस टेबलावरून साहेबांच्या बुटांवर उतरला. पोरं आनंदाने ओरडली. दामिनीने मात्र पाहुणे मोजले. आम्ल सगळं संपलं होतं आणि पाहुणे चार उरले होते.

चौथ्या सरलाबाई, माजी सरपंच. चुनीलालभाईंशी त्यांचं बांधावरून जुनं वाकडं. त्यांनी दुसऱ्या डब्यातला अर्धा चमचा टाकला. डोंगर गप्प. मग भरून टाकला. तरी गप्प.

“चुनीलालनी येळले उड्या मारस, नि मन्ही येळले झोपी गया का हाऊ डोंगर?” सरलाबाई कडाडल्या. “हाई मुद्दाम करेल शे!”

गिरासे सर दामिनीच्या कानाशी आले. “अजून सोडा टाकायचा का?”

“नको सर. सोडा आत नुसता बसून आहे. आता कमी आहे ते आंबट!” ती स्वयंपाकघराकडे धावली. तिथे कमलबाई पाहुण्यांच्या पोह्यांसाठी लिंबं चिरत होती. दामिनीने चार लिंबं चार वाट्यांत पिळली.

“आते पोहावर काय पिळू?” कमलबाई मागून ओरडली.

दामिनीने पहिली वाटी सरलाबाईंच्या हाती दिली. “ताई, सोडा काय, कुणीही टाकेल. रस टाकायचा मान तुमच्यापासून सुरू.”

सरलाबाईंनी रस ओतला. तळाशी साचलेला सोडा जागा झाला आणि फेस डोंगराच्या तोंडातून वर आला. सरलाबाईंनी चुनीलालभाईंकडे मान वळवून पाहिलं आणि पदर सारखा केला. उरलेल्या तिघांच्या वाट्याही फसफसल्या.

मग साहेबांनी घसा खाकरला. “आम्हाला लिंबू नाही का?”

चुनीलालभाई तर बाह्या सावरूनच उभे होते.

कमलबाईची सगळी लिंबं डोंगरात गेली. पोहे कोरडेच खाल्ले गेले, पण सातही पाहुणे हसत गाडीत बसले.

गिरासे सरांनी फळ्यावरच्या गणितात सातावर बोट ठेवलं. “मॅडम, पुढच्या वर्षी अकरा जण धरा.”

‘पुढच्या वर्षी’ हे दामिनीने नीट ऐकून घेतलं. “धरते सर. फक्त पाहुण्यांची यादी आठवडाभर आधी द्या.”

“यादी?” सर म्हणाले. “ती तर पाहुणे गाडीतून उतरले की कळते.”