आईला अवांतर नऊ

नणंद तीन आठवडे राहायला येणार म्हटल्यावर टेलरवहिनीला आनंदच झाला होता. तो बॅग उघडेपर्यंत टिकला. बॅगेत सगळ्यात वर, कपड्यांच्याही वर, पलीकडच्या संघाची टोपी होती.

"ताई, ही कुणाची?"

"माझी. पंधरा वर्षं तिकडे संसार केला, तर टोपी काय इकडची घालू?" ताईंनी ती तिथल्या तिथे डोक्यावर चढवली आणि आरशात बघून वाकडी केली. "मालिका इथे आणि मी पण इथे. पाच सामने. बघू या कुणाच्यात किती दम आहे ते."

वहिनीची आठ वर्षांची लेक खुर्चीच्या मागून ती टोपी टक लावून बघत होती. तिचं घरातलं नाव टिचकी. वहिनीला ती टोपी खुपायला लागली ती तेव्हापासून.

वहिनीचं शिवणकाम पुढच्या खोलीत चाले. खिडकीपाशी मशीन, मध्ये कापायचं टेबल, भिंतीवर टीव्ही. पण सुईखाली बोट असताना टीव्हीकडे कोण बघणार? म्हणून ती क्रिकेट कानांनी बघायची. बॅटचा टणक आवाज आला तर कव्हरमधून चौकार, पोकळ आला तर कड लागली. टिचकी चार वर्षांची असल्यापासून मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची. वहिनी म्हणायची, "डोळे मीट. सांग कुठे गेला?" आणि पोर डोळे घट्ट मिटून ओरडायची, "थर्डमॅन!" बरोबर आलं की वहिनी पायपट्टी दोनदा दाबायची. रिकामं मशीन खडखड करायचं. तीच दोघींची टाळी.

ताई आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं झालं.

"अगं, डोळे मिटून कसलं क्रिकेट?" ताईंनी टिचकीला सोफ्यावर ओढून घेतलं होतं आणि मोबाइलवर त्यांच्या संघाचा डावखुरा गोलंदाज संथ गतीने फिरवत होत्या. "हे मनगट बघ. आता बघ, चेंडू सोडताना कसं आत वळतं. दिसलं?"

"दिसलं!" टिचकीचे डोळे बशीएवढे झाले होते.

वहिनीने मशीन जरा जास्तच जोरात चालवलं. टीव्हीचा आवाज बुडाला. कुणाचं लक्षही गेलं नाही.

रोजचा वाद ठरलेलाच.

"तुमच्याकडे फलंदाज आहेत, संघ नाहीये," ताई म्हणायच्या. "पहिले तीन गेले की बाकीचे पॅड सोडायलाच येतात."

"आणि तुमचे क्षेत्ररक्षक? हातांना लोणी लावून येतात का?"

"मागच्या वर्षी बासष्टमध्ये कोण गुंडाळलं गेलं होतं ग?"

"खेळपट्टी खराब होती."

"हो ना, बाई. आमच्यासाठी वेगळी अंथरली होती."

टिचकी फिदीफिदी हसायची आणि वहीत काहीतरी खरडायची. संध्याकाळी नवरा छापखान्यातून यायचा, दोघींची तोंडं बघायचा आणि म्हणायचा, "तसे दोन्ही संघ चांगलेच आहेत." मग दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायच्या. तेवढ्याच एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

एवढं वहिनी सोसून गेली असती. पण टिचकीची शाळेच्या मुलींच्या संघात निवड झाली. शाळेने प्रत्येकीला शर्टापुरतं पांढरं कापड मोजून दिलं आणि सोमवारी सकाळी पहिला सामना ठरला. शर्ट आईच शिवणार, त्यात काय विचारायचं! पण टिचकी येऊन म्हणाली, "आई, बाह्या लांब हव्यात. आत्या म्हणते, डावखुऱ्याच्या लांब असतात."

"तू कुठे डावखुरी आहेस?"

"आत्या शिकवतेय मला डाव्या हाताने टाकायला."

शिकवतेय म्हणे. जिने तिला बोट धरून चालायला शिकवलं, ती इथे काजं करत बसली होती. वहिनीच्या दातात धरलेली टाचणी तेवढी वाकली.

रविवारी सकाळी तिसरा सामना लागला. नवऱ्याची छापखान्यात पाळी होती. ताई आणि टिचकी सोफ्यावर एकाच चादरीत, आणि वहिनी टेबलापाशी बाह्या कापायला उभी. एरवी कापड दुहेरी करून दोन्ही बाह्या एकदम कापतात. पण तुकडा अरुंद होता, एकेरीच कापावं लागणार होतं. पहिली बाही कापली की नमुन्याचा कागद उलटा करायचा आणि मग दुसरी. हे काही तिला कुणी सांगायला नको होतं. वीस वर्षं कात्री हातात होती.

पहिली बाही झाली. तेवढ्यात आपला तिसरा गडी पडला.

"आले पॅड सोडायला!" ताईंनी टाळी वाजवली. "अगं, दोन डावखुरे दोन टोकांनी टाकताहेत. जगात कुणाकडे अशी जोडी नाही. तुमच्याकडे एक तरी आहे का?"

"आमचा ऑफस्पिनर एकटा पुरे आहे दोघांना!"

"तो? तो चेंडू टाकतो की टपाल?"

टिचकी खळखळून हसली. आत्याच्या खांद्यावर डोकं टाकून हसली. वहिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "टपाल तर टपाल," ती म्हणाली, "पत्त्यावर तरी पोचतं. तुमचे दोघं अर्धे चेंडू लेगस्टंपच्या बाहेर टाकतात. बघा ना जरा!" आणि बघता बघता, बोलता बोलता कात्री चालली. करकर, करकर, वळण घेऊन थांबली.

दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. खांद्याकडचा पुढचा खोलगट गोल दोन्हींना एकाच बाजूला. एक उलटी करून लावावी, तर कापड एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने मळकट. दोन्ही बाह्या डाव्या.

तिने दोन्ही घडी करून पदराखाली घेतल्या. "काय झालं ग?" ताईंनी विचारलं. "काही नाही. खडू संपला."

चार वाजता ताई पोरीला सरावाला घेऊन गेल्या. दार लागलं तशी वहिनी मटकन स्टुलावर बसली. कापड तर दुसरं नव्हतं. एकच उपाय होता. चुकीच्या बाहीच्या खालच्या भागातून उजवी आखूड बाही काढायची, बगलेत दोन बोटांचा जोड द्यायचा, आणि डावीही तेवढीच आखूड करायची. आणि हे सुचल्याबरोबर तिच्या मनात एक गोड विचार आला. सांगायचं तरी कशाला? म्हणायचं, आखूडच बऱ्या, आपले सगळे आखूडच घालतात. ताईंची लांब बाही बसली घरी. चूकही झाकली जाईल आणि वर डावही आपला.

जोडाचा नमुना काढायला कागद हवा होता. सोफ्यावर टिचकीची वही पडली होती. कोरं पान शोधताना मधलंच उघडलं.

वर लिहिलं होतं, आई विरुद्ध आत्या. खाली नियम. बरोबर मुद्दा, एक रन. दुसरीला गप्प केलं, चार रन. चिडली, बाद. वहिनीने बोट फिरवत वाचलं. आई, बाद (चिडली). आई, बाद (चिडली). आई, बाद (मशीन जोरात). म्हणजे लक्ष गेलं होतं तर! आत्या एकशे बारा. आई अठ्ठ्याऐंशी. आणि त्याखाली, अवांतर, आईला नऊ.

शेजारी बारीक अक्षरात होतं: "मी दोन देणार होते. आत्या म्हणाली नऊ दे. आई न बघता खेळते, म्हणून."

वहिनीला आधी राग आला. भीक नको होती तिला. मग तिने पुन्हा वाचलं. न बघता खेळते. पंधरा दिवसांत ताईंनी तिच्या खेळाबद्दल एक बरा शब्द काढला होता, आणि तोही तिच्या पाठीमागे. वही मिटून तिने जागेवर ठेवली. जोडाचा नमुना जुन्या वर्तमानपत्रावर काढला.

साडेपाचला दोघी आल्या, गुडघ्यांपर्यंत धुळीने माखलेल्या. शर्ट हँगरला लटकत होता. टिचकीचा चेहरा उतरला.

"आखूड?"

सगळं तयार होतं जिभेवर. आपले सगळे आखूडच घालतात. नुसतं म्हणायचं होतं.

"चुकले मी," वहिनी म्हणाली. "दोन्ही डाव्या कापल्या. सकाळी, वाद घालताना. कापड उरलं नाही, म्हणून आखूड कराव्या लागल्या. बगलेत जोड पण आहे."

ताई पोट धरून हसायला लागल्या. "दोन्ही डाव्या! अगं, आमची जोडीच कापलीस की!" हसता हसता त्यांनी जोड बोटाने चाचपला. "टेलरबाई, हा जोड शोधायला मला पंचांना बोलवावं लागेल."

टिचकीने वही उघडली होती. "आई, बाद," ती लिहिता लिहिता म्हणाली. मग थांबली. "पण आत्या, अंपायरने बोट वर करायच्या आधीच आई निघाली ना ग? अशी निघाली की लोक टाळ्या वाजवतात." आणि ती उठून स्टुलावर येऊन बसली. शर्ट छातीशी धरून.

टीव्हीवर शेवटची षटकं चालली होती. "आत्या, तू मीट डोळे," टिचकी म्हणाली. "सांग कुठे गेला."

ताईंनी टोपी नाकापर्यंत ओढली. बॅटचा आवाज आला, टणक, भरलेला.

"थर्डमॅन?"

"कव्हर!" मायलेकी एकदम ओरडल्या. वहिनीचा पाय आपोआप पायपट्टीवर दोनदा पडला, आणि आतून असं गार वाटलं की विचारू नका.

ताई खरंच चुकल्या की मुद्दाम, ते टोपीखाली दिसत नव्हतं. वहिनीने विचारलंही नाही. मिळालेले रन कोण परत करतं?