धडधाकट कान दुरुस्तीला

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. दुकानात मला श्रवणयंत्र म्हणायचे. घरी आल्यावर माझं नाव पडलं 'उजवा', कारण मी उजव्या कानात राहतो. डाव्या कानात माझा जुळा भाऊ राहतो, तो 'डावा'. दिसायला आम्ही अगदी सारखे. त्याच्या पाठीवर निळा ठिपका, माझ्या पाठीवर लाल. पण ठिपका एवढा बारीक, की तो बघायला चष्मा लागतो, आणि चष्मा कुठे ठेवलाय हे मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, सांगितलेलं ऐकू यायला आम्ही लागतो!

माझा जन्म लांबच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. एका बाईने बारीक चिमट्याने माझ्या पोटात तारा बसवल्या, मग मला टिचकी मारली. मी "कुईऽऽ" केलं. ती हसली आणि मी पास झालो. शाळेत एवढ्यावर कुणाला पास करत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

तिथून मी दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो. एके दिवशी आत्या, म्हणजे आमच्या मालकांची धाकटी बहीण, आली. ही त्या देशात शाळेची बस चालवते. तिच्याबरोबर तिचा मोठा भाऊ होता, बहिणीकडे चार दिवस राहायला आलेला. आत्याने काहीही विचारलं की तो नुसता हसून मान डोलवायचा.

"दादा, ऐकू येत नाही हे कबूल कर ना!"

"छान आहे, छान आहे," दादा म्हणाले.

झालं. आत्याने त्यांना खुर्चीत बसवलं, कानाचं माप दिलं आणि आम्हा दोघांना विकत घेतलं. दुकानवाली म्हणाली, "तीन वर्षांची वॉरंटी. काहीही बिघडलं तर घेऊन या." आत्याने पावती घरी नेऊन फ्रीजच्या दारावर चुंबकाने अडकवली. कुठे घेऊन यायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि आम्ही दादांच्या कानात बसून, ऐटीत, त्यांच्या देशात निघून आलो.

आमच्या मालकांचं काम ऐकाल तर थक्क व्हाल. ते हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर आहेत. नाटक चालू असताना पडद्याच्या बाजूला, विंगेत, एका स्टुलावर बसायचं, समोर वही आणि छोटा दिवा, आणि नट बोलताना अडला की त्याला पुढचं वाक्य हळूच सांगायचं. म्हणून मंडळी त्यांना कुजबुजकाका म्हणतात. वाक्य तर कुणीही सांगेल हो. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखणं खरं कठीण. विसरलेला माणूस श्वास रोखतो. मुद्दाम थांबलेला श्वास घेतो. काकांना हे नुसतं ऐकून कळायचं, आणि आम्ही आल्यावर तर पुन्हा विशीतल्यासारखं कळायला लागलं.

आमचे दिवस मजेत चालले होते. कुणी काकांना मिठी मारली की आम्ही दोघं एकदम "कुईऽऽ" करायचो आणि तो माणूस दचकून दोन हात मागे! काकू माळा आवरायचा विषय काढू लागल्या की काका कान खाजवल्यासारखं करून आमचा आवाज शून्यावर आणायचे. काकूंना ते माहीत होतं. त्या खुणेने "चहा?" विचारायच्या. त्याला मात्र काका ताबडतोब "हो" म्हणायचे.

काकांची एक खोड सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल. त्यांच्या मंडळीत डावं म्हणजे प्रेक्षकांचं डावं, नटाचं उजवं. आयुष्य विंगेत गेलं, त्यामुळे घरीसुद्धा तेच. "डाव्या खणातला शर्ट दे गं," असं काका म्हणाले की शर्ट हमखास उजव्या खणात. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकूंनी यावरून भांडणं केली. मग त्या शहाण्या झाल्या. नवरा डावं म्हणाला की निमूटपणे उजवीकडे हात घालायचा. संसार सुरळीत.

आणि मग एक दिवस डावा बंद पडला. ना पडला, ना भिजला, ना कुणी त्याला चावलं. सकाळी उठला तो मुकाच.

आता, काकांचं स्टूल विंगेत असं मांडलेलं की तोंड प्रेक्षकांकडे, डावा कान रंगमंचाकडे आणि मी भिंतीकडे. भिंतीपलीकडे मेकअपची खोली. मला तिथल्या कपबशा आणि चहाड्या झकास ऐकू यायच्या. नाटकातलं एक अक्षर नाही.

नवं नाटक बसत होतं. दिग्दर्शन काकांच्या लेकीचं. नाटकात एक न्यायाधीश आपल्याच भावाला शिक्षा सुनावतो. न्यायाधीश झाले होते दातांचे डॉक्टर. शेवटी ते भावाकडे बघतात, खूप वेळ गप्प राहतात, आणि मग म्हणतात, "घेऊन जा त्याला." सगळं नाटक त्या गप्प राहण्यावर उभं.

तालमीत डॉक्टर गप्प राहिले. काकांना वाटलं, विसरले! त्यांनी कुजबुजत सांगितलं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याची कुजबुज केवढी असते, माहीत आहे ना? "घेऊन जा त्यालाऽऽ!" शेवटच्या रांगेपर्यंत आवाज. जे दोघं हवालदार झाले होते त्यांनी हुकूम मानून भावाला उचललं आणि नेलं. न्यायाधीश रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत उभे!

"काका, मी पॉज घेतला होता!" डॉक्टर कडाडले. "दवाखान्यात माझ्या खुर्चीत बसा एकदा, मग दाखवतो!"

सगळे पोट धरून हसले. लेक हसली नाही. तालीम संपल्यावर ती स्टुलाशी येऊन बसली.

"बाबा, या प्रयोगाला दुसऱ्या कुणाला तरी बसवते विंगेत. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मानाची खुर्ची."

"मानाची म्हणजे बिनकामाची," काका म्हणाले. हे मात्र त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं, कारण ती माझ्या बाजूला बसली होती. "मशीन दुरुस्त झालं तर?"

"झालं तर स्टूल तुमचंच. रंगीत तालमीच्या आत व्हायला हवं पण."

दुसऱ्याच दिवशी काका-काकू कंपनीच्या दुकानात हजर. काउंटरवरच्या साहेबाने खोक्यावरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि मान हलवली.

"हा नंबर आमच्याकडे दिसत नाही."

"यांच्या कानात दिसतोय ना," काकू म्हणाल्या.

"काकू, हे मॉडेल इथे विकतच नाहीत. ज्या देशात घेतलं, त्याच देशात वॉरंटी चालते."

"पण बाहेर पाटीवर नाव तर हेच आहे!"

"नाव एकच, कारभार वेगळा. तिकडचं आम्ही बघत नाही, इकडचं ते बघत नाहीत."

"म्हणजे सख्खे भाऊ, पण बोलचाल बंद."

"तसंच समजा. आणि बाहेर कुठे उघडू नका हं. उघडलंत तर तिकडची वॉरंटीही जाईल."

"काय म्हणतोय तो?" काकांनी विचारलं.

"म्हणतोय, बिघडायचंच होतं तर तिकडेच बिघडून यायचं!" काकू ओरडल्या. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिथे आलेल्या बऱ्याच जणांना, दिवसभरात नीट ऐकू आलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

मग ठरलं. शेजारणीचा जावई आत्याच्याच गावी निघाला होता. त्याच्याबरोबर डाव्याला पाठवायचं, आत्या पावती दाखवून दुरुस्त करून घेईल.

काकांनी आम्हा दोघांना कानातून काढलं, बॅटऱ्या काढल्या, पुसून रुमालावर ठेवलं. काकू कुड्यांची डबी घेऊन आल्या. आता गंमत बघा. काकांनी विचार केला, परदेशातल्या माणसांना आपलं प्रेक्षकांचं डावं-उजवं काय कळणार? आज सरळ बोलावं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डाव्याला डावं म्हटलं. "डावं मेलंय. डावं पाठव."

आणि काकूंनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, निमूटपणे उजवीकडे हात घातला.

मला उचललं की हो! मी ओरडणार कसा? पोटात बॅटरी नव्हती. डबीचं झाकण लागलं आणि मी, एकदम धडधाकट, दुरुस्तीला निघालो.

विमानतळावर तपासणीवाल्याने डबी उघडली. त्याला सोनं हवं होतं, सापडलो मी. त्याचा चेहरा बघून माझा प्रवासाचा शीण गेला.

आत्या मला घेऊन त्याच दुकानात गेली, पावतीसकट. दुकानवालीने बॅटरी घातली, नळी लावली, बटणं दाबली. मी एवढा खणखणीत वाजलो की ती म्हणाली, "याला काय झालंय? हे तर नव्यासारखं आहे."

आत्याने दुकानाच्या पायरीवर बसूनच भावजयीला फोन लावला.

"वहिनी, मशीन ठणठणीत आहे! तू पाठवलंस कशाला?"

"अगं, ते बिघडलेलं होतं! आणि वन्सं, ते गेल्यावर इथलंही बंद पडलं बघ. तुझ्या दादाला आता काहीच ऐकू येत नाही."

"तिथलं बंद पडलं? कधी?"

"त्याच दिवशी! कानात घातलं आणि..." मग काकूंचा बारीक आवाज आला. "वन्सं, तुझ्या हातातल्याचा ठिपका कुठला आहे गं?"

"लाल."

"अगं बाई!"

आत्या एवढी हसली, एवढी हसली, की दुकानवाली पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली. पण हसून झाल्यावर डोळे पुसत आत्याने विचारलं, "आणि दादाचं नाटक?"

"रंगीत तालीम तोंडावर आलीय. लेकीने दुसरा माणूस बघून ठेवलाय. हे नुसती वही पुसत बसतात."

दुकानवालीला आत्याने सगळी कहाणी सांगितली. तीही हसली, पण म्हणाली, "बिघडलेलं इथे माझ्या हातात आलं तरच काही करता येईल." नियम तो नियम. आत्याने बसची किल्ली शाळेत जमा केली, रजा टाकली आणि मला डबीत घालून विमानात बसली. एक कान पोचवायचा, दुसरा घेऊन यायचा.

आम्ही थेट नाट्यगृहात पोचलो. रंगीत तालीम सुरू व्हायची होती. विंगेत काकांच्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. काका स्वतः पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीत, मान खाली घालून, शेजारी काकू. आत्याने मागून जाऊन मला त्यांच्या उजव्या कानात बसवलं आणि मिठी मारली. मी जिवाच्या आकांताने "कुईऽऽऽ" केलं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आवाजाने आलं असं ते अजून सांगतात.

"पण हा कान भिंतीकडे राहतो," लेक म्हणाली. "स्टेजकडे डावा हवा ना, आत्या."

आत्या बस चालवणारी बाई. तिने स्टुलाकडे बघितलं, दादाकडे बघितलं.

"मग स्टूल फिरव की!"

लेकीने काकूंकडे बघितलं, काकूंनी डॉक्टरांकडे, डॉक्टरांनी छताकडे. एवढी वर्षं ते स्टूल तसंच होतं, म्हणून ते तसंच असतं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. माझं जाणं-येणं, विमान, डबी, रजा, सगळं उगीचच! आत्या पुन्हा हसायला लागली.

स्टूल फिरलं. जन्मभर प्रेक्षकांच्या बाजूने बघणारे काका प्रेक्षकांकडे पाठ करून बसले, आणि मी पहिल्यांदा रंगमंचाला कान लावला.

तालीम पार पडली, स्टूल काकांचं राहिलं. आणि मग प्रयोग. थिएटर भरलेलं. न्यायाधीश भावाकडे बघत उभे राहिले. गप्प. आणखी गप्प. विंगेत लेकीने काकांच्या खांद्याला बोट लावलं. "बाबा, विसरले ते! सांगा!" काकांनी हात वर केला. थांब.

मित्रांनो, तेव्हा मी जे ऐकलं ते माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात बारीक ऐकणं. डॉक्टरांनी श्वास घेतला. नाकातून, हळूच. मी तो जसाच्या तसा काकांना दिला.

काका गप्प बसले.

"घेऊन जा त्याला," डॉक्टर म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात, की सगळं थिएटर पुढे वाकलं. आणि मग टाळ्या. मला आवाज कमी करावा लागला.

डावा नंतर आत्याबरोबर गेला, वॉरंटीत फुकट बरा होऊन आला आणि आता परदेशाच्या फुशारक्या मारतो. मी ऐकून घेतो. मी तिकडे काहीही न होता जाऊन आलोय, ती ऐट त्याला कुठून येणार? काकूंनी ओळखीसाठी माझ्या डबीला लाल दोरा बांधलाय. स्टूल मात्र पुन्हा कुणी फिरवलं नाही. डावा आता भिंतीकडच्या चहाड्या ऐकतो.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. लांबून काही विकत आणलंत, तर बिघडल्यावर कुठे न्यायचं ते दुकानातच विचारून घ्या. कुणाला दुरुस्तीला पाठवण्याआधी एकदा कानात घालून बघा, बिचारा धडधाकट असेल. आम्हाला रोज पुसा, बॅटरी काढून ठेवा. आणि समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं, तर विसरलं म्हणून लगेच त्याचं वाक्य पुरं करू नका. त्याने श्वास घेतलाय का, ते आधी ऐका.