‘जतन झाले’ म्हणायची घाई

मित्रांनो, सातपाटीच्या एका मच्छीमार बोटीवर, सुकाणूशेजारच्या काळ्या डब्यात राहणारा मी एक जुना डेटाबेस आहे. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. माझे मोठे भाऊबंद थंडगार खोल्यांत, स्वतंत्र यंत्रांवर राहतात. मला वेगळं घर नाही. वाट दाखवणाऱ्या या डब्याच्या पोटातच मला बसवलं आहे. बोटीची बॅटरी गेली की मीही गेलो.

माझं काम साधं. पाणी किती खोल, तळाशी खडक कुठे, हे क्षणोक्षणी टिपायचं. बोट हाकणारा नवशा तांडेल पडद्यावर खूण करी आणि मी लगेच म्हणे, ‘जतन झाले’.

“आमचा डबा लय चलाख हाय!” तो धक्क्यावर सांगत सुटे. ते ऐकून मी फुगायचो हो!

माहितीही फुगत होती. वर्षं गेली. कोणी जुनं बाजूला काढलं नाही, दुसरीकडे प्रत ठेवली नाही. एवढ्या पसाऱ्यात नवी नोंद जागेवर बसवायला मला फार वेळ लागू लागला. पण कौतुकाची चटक वाईट! दिवसभराच्या नोंदी मी नुसत्या तात्पुरत्या आठवणीत धरून ठेवायचो, किनाऱ्याला लागल्यावर आत बसवायचो, आणि ‘जतन झाले’ मात्र आधीच म्हणून मोकळा व्हायचो.

या मोसमात एकदा जाळं पाण्याखालच्या खडकाला घासलं. नवशाने ती जागा मला सांगितली. मी म्हणालो, ‘जतन झाले’.

बोट किनाऱ्याला लागते न लागते तोच देवळातून निरोप आला. वीज गेली होती, कर्णा बंद होता आणि बुवा कीर्तनाला उभे राहिले होते. बोटीवरच काम करणारा नवशाचा भाऊ कुंदन तिथे मृदंग वाजवतो.

“दादा, बॅटरी नेतो रं!” म्हणत त्याने तारा उपटल्या. कीर्तन रंगलं असणार. मी अंधारात होतो, मला काही ऐकू आलं नाही.

पुढच्या फेरीला नवशाने पडदा पाहिला. खडकाची खूण नव्हती.

“डब्यात नाय म्हंजे इथं नाय. पुढं असंल तो,” म्हणत त्याने विश्वासाने जाळं सोडलं. ते अडकलं. दोर ताणला आणि कुंदनचा उजवा हात दोर नि काठाच्या मध्ये सापडला. दोन बोटं चिरडली.

बोईसरहून डबे दुरुस्त करणारी हेमांगी आली. “नोंद आत पोचण्याआधीच वीज तुटली,” ती म्हणाली.

“म्हंजे मीच केलं हे,” कुंदन पुटपुटला.

त्या दोन शब्दांपलीकडे मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अरे बाबा, तू देवाच्या कामाला धावलास! खोटं बोललो ते मी! एकादशीला मृदंग कापडात गुंडाळलेलाच राहिला म्हणे.

हेमांगीने जुन्या माहितीची प्रत काढून माझा भार हलका केला. नोंद खरोखर आत बसल्याशिवाय ‘जतन झाले’ म्हणायचं नाही, असं मला बांधून टाकलं. आता मी सावकाश बोलतो.

काल किनाऱ्याला लागता लागता कुंदनने त्याच खडकाची खूण पुन्हा केली. नवशाचा हात घाईने डबा बंद करायच्या बटणाकडे गेला.

“दादा, बुवांचा अभंग पुरा व्हायच्या आधी कधी उठलास काय? मग याचं पन पुरं होऊ दे.”

दोघे थांबले. मग मी म्हणालो, ‘जतन झाले’.

मित्रांनो, तुमच्या फोनातही माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांची प्रत ठेवा, काम चालू असताना वीज तोडू नका, आणि त्यांच्या वेगाचं फार कौतुक करू नका. मला तर माझी घाई विसरताच येत नाही. कुंदन हल्ली खूण करतो ती डाव्या अंगठ्याने.