तडकलेल्या कपाची टिचकी

"जुन्या कामगारांच्या मुलाखतींचा आवाज दाबून दाबून एमपीथ्रीत काढ, संगणकावरची जागा वाचेल," संग्रहालयाच्या साहेबांनी फर्मान सोडलं. मी हट्टालाच पेटले.

माझी काकू कपांच्या कारखान्यात टिचकी मारून माल पारखायची. संग्रहालयाला दिलेल्या मुलाखतीत तिने दोन कपांवर टिचकी मारली होती, एक धड, एक तडकलेला. तेवढाच तुकडा मी साहेबांना एमपीथ्रीत ऐकवला.

"तडकलेला कुठला?"

"दोन्ही सारखेच की!"

मग तोच तुकडा काहीही न कापलेल्या वेव्ह फाइलमधून लावला.

"दुसरा!" साहेब पटकन म्हणाले.

"मग सगळ्या मुलाखती वेव्हमध्येच जपायच्या."

"अगं, पण एवढी जागा आणायची कुठून?"

"तुमची उद्घाटनाची भाषणं एमपीथ्रीत काढते. त्यांत कुणाला काही पारखायचं नसतं."