पाच मीटर आणि एक वीत

दोन हजार तेवीस साल. गणपती उठून गेले होते, नवरात्र बसायची होती. सुरतेत या दिवसांत साड्यांच्या कामाला रविवार नसतो. तरी त्या रविवारी दुपारी लिंबायतच्या समाजवाडीत दोनशेच्या वर बायका जमल्या होत्या, कारण ‘बोला लिंबायत’ची शेवटची फेरी होती.

‘बोला लिंबायत’ हा आमच्या भागातल्या केबल चॅनलवरचा प्रश्नोत्तरांचा खेळ. तो चालवायचा हेमराज आणि त्याचे प्रश्न लिहायचे मी. मी चौतीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. हेमराज चौथीत माझ्या वर्गात होता. मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी तो घरी आला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हाला जे छळलंत, ते आता जरा मोठ्या माणसांना छळा.” तेव्हापासून आठवड्याला चाळीस प्रश्न.

लोकांना वाटतं, प्रश्न लिहिणं म्हणजे काय, पुस्तक उघडायचं आणि उतरवायचं. तसं नाही. प्रश्न पाच मिनिटांत होतो. त्याच्याबरोबर द्यायची तीन चुकीची उत्तरं लिहायला तासभर जातो. चुकीचं उत्तर असं हवं की माणूस त्याच्यापाशी थांबेल, पण ते निवडलं तर त्याचं हसं होणार नाही. तापी कुठे उगम पावते? मुलताईला. त्याच्याशेजारी मी लंडन लिहिलं तर समोरच्या बाईचा अपमान होतो. बऱ्हाणपूर लिहिलं तर तिला विचार करावा लागतो, आणि विचार करताना माणूस फार छान दिसतो. वर्गात मी हेच बघत आले.

आणि एक नियम मी पहिल्या दिवशीच घातला होता. प्रत्येक कार्डाच्या मागे ‘आधार’ लिहायचा. पुस्तक असेल तर नाव आणि पान. नसेल तर ‘स्वतः पाहिले’ आणि खाली माझी सही. निकालाच्या कागदावरही दोन सह्या हव्यात, हेमराजची आणि प्रश्न लिहिणाऱ्याची. हेमराज हसला होता. “बाई, हे केबल आहे, कोर्ट नाही.” पण त्याने ऐकलं.

मी शहात्तर साली लग्न होऊन अमळनेरहून सुरतेला आले, तेव्हा लिंबायतशेजारच्या डिंडोलीत शेतं होती. लूमच्या कारखान्यांतून घरी येणाऱ्या माणसांच्या केसांत कापसासारखी धूळ असायची, आणि त्यांना मोठ्याने बोलायची सवय लागलेली असायची. त्यांच्या पोरांना मी लाकडी मीटरपट्टी देऊन वर्गाची लांबी मोजायला लावत असे. पुस्तकातलं गणित नंतर. आधी गुडघ्यावर बसा, पट्टी टेका, खडूने खूण करा. माझा सगळा धर्म म्हणाल तर तेवढाच.

तो मी त्या सप्टेंबरात मोडला.

झालं असं की हेमराजला साडीवाला स्पॉन्सर मिळाला. शेठचं नाव इथे लिहीत नाही. पहिलं बक्षीस मोटरवालं शिलाई मशीन, हरलेल्यांना एकेक साडी, आणि त्यांची अट एवढीच की शेवटच्या फेरीत एक प्रश्न त्यांच्या मालावर हवा. शेठचा माणूस ललित एक खोकं घेऊन माझ्या घरी आला. मी प्रश्न लिहिला: ‘या साडीची लांबी किती?’ साडेचार मीटर, पाच मीटर, साडेपाच मीटर, सहा मीटर. बरोबर उत्तर साडेपाच. आधार: खोक्यावर छापलेले. हे दोन शब्द लिहिताना माझा हात अडखळायला हवा होता. नाही अडखळला. साडी उलगडायचा मी आळस केला.

तर त्या रविवारी दोघी उरल्या. एक वर्षा, लिंबायतची, दहावी झालेली, चटपटीत. दुसरी डिंडोलीची सरलाबाई. पन्नाशीची, नवरा वारलेला, आठ वर्षं साड्यांच्या गोदामात उभ्याने घड्या घालणारी. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि डॉक्टरने बसून करायचं काम शोधा म्हणून सांगितलं होतं. मशीन मिळालं तर घरी फॉल-पिको करता येईल, एवढ्यासाठी ती खेळत होती. हे तिने पहिल्याच भागात कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, म्हणून सगळ्या वाडीला माहीत होतं.

दोघींचे गुण सारखे. चिठ्ठी सरलाबाईची निघाली. उत्तर बरोबर आलं तर मशीन तिचं, नाहीतर वर्षाचं. हेमराजने कार्ड उचललं, शेठची खोकी रचली होती तिकडे हात केला आणि प्रश्न वाचला.

बायका हसायलाच लागल्या, कारण उत्तर खोक्यांवर एवढ्या मोठ्या अक्षरात होतं की शेवटच्या रांगेतून वाचता येत होतं. “मावशी, तिकडे बघा, तिकडे,” कोणी तरी ओरडलं.

सरलाबाईने तिकडे पाहिलं नाही. तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

“यांच्यातलं एकही नाही,” ती म्हणाली. “पाच मीटर आणि वर एक वीत.”

“मावशी, चारातलं एक निवडायचं असतं,” हेमराज म्हणाला.

“मग चारही चूक आहेत. मी काय करू?”

हसू वाढलं. हेमराजने माझ्याकडे बघितलं, मग पहिल्या रांगेतल्या ललितकडे, आणि घंटी वाजवली. चूक. ललित उठून टाळ्या वाजवायला लागला. वर्षा उभी राहिली, पण तिला पुढे यावं की नाही ते कळेना.

“थांब रे,” सरलाबाई म्हणाली. “आमची घडीची फळी अर्ध्या मीटरची. साडेपाच मीटरला अकरा घड्या बसायला पाहिजेत का नाही? दहा घडीमा सरी जास. वर वीतभर उरस. आठ वर्षं झाली, अकरावी घडी मी बघितली नाही.”

ललित हसत हसत म्हणाला, “मावशी, तुम्ही आमच्याच गोदामात आहात ना कामाला?”

“हो ना. म्हणून तर सांगते.”

“उद्या यायचं आहे ना?”

ते ऐकून हसणाऱ्या बायका ललितकडे बघायला लागल्या. सरलाबाईलाही आत्ता कळलं की आपण काय बोलून बसलो. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला, पण शब्द मागे घेतला नाही.

हेमराज निकालाचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याची सही झाली होती. तो वाकून हळू म्हणाला, “बाई, सही करा. वर्षभराची स्पॉन्सरशिप आहे. दोन पोरं पगारावर ठेवलीत मी.”

“साडी मोजली का?”

“खोक्यावर लिहिलंय.”

“ते मीही लिहिलंय. मी विचारतेय, मोजली का?”

“बाई, प्लीज.”

“चौथीत तू वर्गाची लांबी शेजाऱ्याची पाहून लिहिली होतीस. मी तुला परत गुडघ्यावर बसवलं होतं. आठवतं?”

“तेव्हा मला वर्गाचं भाडं भरायचं नव्हतं, बाई.”

खरं सांगते, त्याची मला दया आली. पण सही नाही आली. मी उठले आणि बक्षिसाच्या मशीनपाशी गेले. नव्या मशीनच्या खणात सुया, बॉबिन आणि एक टेप असते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. मी खण उघडला, टेप काढली आणि वरचं खोकं फोडलं.

“शांताबेन, ए तो शोपीस छे,” ललित म्हणाला. घाईत त्याला मराठी सुचेना.

“मग शो बघ,” मी म्हटलं. “वर्षा, हे टोक धर.”

वर्षाने धरलं. मशीन तिला मिळणार होतं, तरी तिने धरलं, हे मी विसरणार नाही. दीड मीटरची टेप. एक, दोन, तीन वेळा, आणि वर सत्तर सेंटीमीटर. पाच मीटर वीस.

“डिफेक्टचा पीस असेल,” ललित म्हणाला.

पहिल्या रांगेत हरलेल्या सहा बायका आपापली बक्षिसाची खोकी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती फोडली. समाजवाडीच्या फरशीवर सहा साड्या उलगडल्या, आणि बायका गुडघ्यावर बसून मोजायला लागल्या. पाच अठरा, पाच वीस, पाच एकवीस. एकही पाच बावीसच्या वर गेली नाही. सरलाबाईने टेपला हात लावला नाही. तिने फक्त शेवटच्या तुकड्यावर वीत ठेवली, आणि ती जवळजवळ नेमकी बसली.

“कॅमेरा बंद,” हेमराज म्हणाला.

“कॅमेरा बंद कर,” मी म्हटलं, “मोजणी चालू राहील.”

मग मी माईक घेतला. चूक माझी आहे, म्हणून सांगितलं. मी न मोजता उत्तर लिहिलं, चारही पर्याय चूक दिले, आणि या बाईने माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. कार्डावरचं साडेपाच खोडलं आणि लिहिलं: पाच मीटर आणि एक वीत. मागे आधार खोडून लिहिला: सरलाबाई, घडीकाम, डिंडोली. खाली सही केली. निकालाच्या कागदावर हेमराजने वर्षाचं नाव घातलं होतं, तिथे मात्र मी सही केली नाही. कागद परत त्याच्या हातात दिला. “दुसरा कागद काढ. नाहीतर या दोनशे जणींना सांग की का नाही.”

त्याने समोरच्या बायकांकडे पाहिलं. मग त्याने ललितकडे पाठ केली आणि दुसरा कागद काढला, सरलाबाईच्या नावाचा.

तो भाग चॅनलवर कधीच लागला नाही. पण दोनशे बायकांतल्या निम्म्या मोबाइल धरून बसल्या होत्या, आणि सोमवारी सकाळी डिंडोलीपर्यंत सगळ्यांनी बघितला. स्पॉन्सर गेला, दिवाळीआधीच ‘बोला लिंबायत’ बंद पडलं. हेमराज आता लग्नांचं आणि गरब्याचं शूटिंग करतो. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. पुढच्या दिवाळीला फराळ घेऊन आला, बसला आणि चहा पिऊन गेला. पगारावरची ती दोन्ही पोरं अजून त्याच्याकडेच आहेत.

शेठच्या खोक्यांवर आता साडेपाच मीटरच्या पुढे ‘अंदाजे’ असं छापलेलं असतं, फार बारीक अक्षरात. ललितने ती नोकरी सोडली आणि बारडोलीला साडीचं दुकान टाकलं. काउंटरवर टेप ठेवतो म्हणतात. मी जाऊन पाहिलेलं नाही, म्हणून खात्रीने लिहीत नाही.

वर्षा मशीनशिवाय घरी गेली. आता ती एका शिकवणीत मुलांना गणित शिकवते.

सरलाबाईला सोमवारी गोदामाच्या दारातूनच परत पाठवलं. पहिले दोन महिने तिने काय खाल्लं ते तिलाच माहीत. मी डबा नेला की म्हणायची, जेवण झालंय. पण डिंडोलीतल्या बायका नवी साडी फॉल लावायला तिच्याकडे नेऊ लागल्या, आणि आधी मोजून दे म्हणू लागल्या. आता ती बसून काम करते. टाचा भरून आल्या आहेत.

मला पुन्हा कोणी प्रश्न लिहायला बोलावलं नाही. तरी मी लिहिते. रविवारी आमच्या सोसायटीच्या ओट्यावर दहा-पंधरा बायका येतात, बक्षीस काही नसतं, भांडणं भरपूर होतात. ते कार्ड मी जपून ठेवलंय. आधार तपासायचा असेल तर सरलाबाईचं घर डिंडोलीत आहे, कोणीही दाखवेल. जाताना आपली टेप घेऊन जा.