शिखिग्रीव म्हणजे काय?

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काचेच्या भांड्यात निळंशार पाणी, आणि मागे निळी शाल पांघरलेले निळेबाबा. त्यांनी एक चकचकीत लोखंडी खिळा पुढच्या बाईच्या पोटावरून फिरवला, पाण्यात बुडवला आणि थोड्या वेळाने वर काढला. खिळा तांबडा झाला होता.

"दोषाचं रक्त," बाबा म्हणाले. "शिखिग्रीवाने ओढून काढलं. उरलेला दोष उलटीवाटे जाईल. रोज एक घोट."

ती बाई म्हणजे माझी थोरली बहीण. वर्षभर पोट दुखत होतं, पण तपासणीला जायची तिला धास्ती वाटायची.

"ताई, शिखिग्रीव म्हणजे काय गं?" घरी येताना मी विचारलं.

"देवाचंच नाव असणार. किती भारदस्त आहे."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शंका मला तिथेच आली होती. पण भावोजींची बाबांवर फार श्रद्धा, उगीच वाद नको म्हणून मी गप्प बसले. फक्त शाळेच्या ग्रंथालयात जुना शब्दकोश काढून पाहिला, तोही दोन दिवसांनी. शिखी म्हणजे मोर, ग्रीवा म्हणजे मान. पुढे अर्थ दिला होता: मोरचूद.

मी फोन करणार तोच भावोजींचा आला. ताई रुग्णालयात होती. उलट्या थांबत नव्हत्या, डोळे पिवळे, लघवी काळपट.

"यांनी नेमकं काय घेतलंय?" डॉक्टर विचारत होते.

"शिखिग्रीव," भावोजी पुन्हा पुन्हा सांगत होते.

"मोरचूद," मी म्हणाले. "कॉपर सल्फेट."

डॉक्टर तडक आत गेले.

पुढच्या सभेला मी शेती-औषधांच्या दुकानातून आणलेली पुडी घेऊन गेले. वर 'विष' असं छापलेलं. पाण्यात विरघळवली, खिळा कुणाच्याही पोटाला न लावता बुडवला. तांबडा झाला.

"हे रक्त नाही, तांबं आहे. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड बुडवलं की पाण्यातलं तांबं त्याच्यावर चढतं. आणि हे पोटात गेलं की उलटी कुणालाही होते."

"सगळंच पुस्तकात नसतं, बाई," बाबा हसले.

"मग तुम्ही घ्या ना एक घोट," मागून एक म्हातारी शांतपणे म्हणाली.

बाबांनी भांड्याला हात लावला नाही.

ताई वाचली, पण तिची मूत्रपिंडं अजून सावरलेली नाहीत. परवा म्हणाली, "एवढ्या लोकांत अर्थ विचारायची लाज वाटली मला."

मला तर अर्थ विचारायला उशीर झाला. तुम्ही असं करू नका. कुणी काही प्यायला दिलं, तर त्याचं दुकानातलं साधं नाव विचारा. ते सांगत नसेल, तर ओठाला लावू नका.